शेणाचा पट्टा

जोशीमठाला आमचा मुक्काम ठरलेलाच नव्हता. ऋषिकेशहून पहाटे निघालेली बस दिवस मावळायच्या आत बद्रीनाथला टेकेल, असं टूरवाल्यानं सांगितलेलं. पण वाटेत दरड आली आणि चार तास तिथंच गेले. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग असे एकेक संगम मागं टाकत जोशीमठात शिरलो तेव्हा अंधार पडला होता. पुढं गाडी सकाळीच सोडणार म्हणाले. ही गोष्ट २०२३ च्या मे महिन्यातली.

बरोबर आई होती. अडुसष्टाची. गुडघे दुखत होते तरी तिनं कुरकुर केली नाही. शेंगदाण्याचे लाडू तेवढे पिशवीत धरून बसलेली.

सकाळी उठून बघतो तर समोर बर्फाचे डोंगर, अंगावर आल्यासारखे. मी मोबाइल काढला. आई म्हणाली, "फोटू नंतर काढ, आधी देवाला जाऊया."

नृसिंहाचं देऊळ खाली उतरून आहे. हिवाळ्यात बद्रीनाथ मिटलं की शंकराचार्यांची गादी इथं येते. त्यांनी स्थापलेल्या चार मठांतला ज्योतिर्मठ तो हाच. जोशीमठ हे त्याचंच बोलीतलं नाव. नृसिंहाच्या मूर्तीचा एक हात दिवसेंदिवस बारीक होत चाललाय, तो गळून पडेल त्या दिवशी दोन डोंगर एकमेकांना भिडतील आणि बद्रीनाथाची वाट बंद होईल, असं तिथले लोक सांगतात. आईनं हे ऐकलं आणि हात जोडले. म्हणाली काहीच नाही.

परत चढताना एका घरापुढं ती थांबली. मला वाटलं, दम लागला. पण ती भिंतीकडं बघत होती. भिंतीवर तांबड्या रंगाची मोठी फुली आणि वरपासून जोत्यापर्यंत बोटभर रुंद भेग. त्या जानेवारीत जोशीमठातल्या आठशेच्या वर घरांना तडे गेले होते. पेपरात मी वाचलं होतं. गाव जुन्या दरडीच्या राडारोड्यावर बसलंय, खाली अखंड कातळ नाही, इथं जड बांधकामं करू नका, असं मिश्रा समितीनं १९७६ सालीच लिहून ठेवलं होतं. तरी मजल्यावर मजले चढत राहिले. हे सगळं मी आईला सांगायला लागलो, पण तिचं लक्ष नव्हतं. तिनं पुढं होऊन तळहात भेगेवर ठेवला.

"ही काच कशाला रं चिकटवलीया?"

भेगेवर आडवी काचेची पट्टी होती. मी म्हटलं, "भेग वाढली की काच तडकते. म्हंजे कळतं."

"आमच्या आप्पानं शेण लावलं व्हतं."

मला कळेना. मग ती उभ्या उभ्याच बोलायला लागली. आमचं आजोळ पाटण तालुक्यात, कोयनेच्या काठी. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा ती बारा वर्षांची. मागची भिंत पडली, पुढची भेगाळून उभी राहिली. सगळं गाव थंडीत खळ्यावर झोपायला गेलं. आप्पा मात्र रोज सकाळी घराकडं जायचे. भेगेवर त्यांनी शेणाचा पट्टा ओढला होता. तो वाळला, की दुसऱ्या दिवशी बघायचं, चिरलाय का. धक्के थांबत नव्हते, पट्टा चिरायचा. आप्पा परत सारवायचे.

"किती दिवस?"

"उन्हाळ्यापतूर. मग एक दिवस चिरला न्हाय. दुसऱ्या दिवशीबी न्हाय. तवा आत गेलो." जरा थांबून म्हणाली, "आई नाय आली आत. वर्षभर गोठ्यातच निजली ती."

भूकंपाचं मी तिच्या तोंडून आजवर दोन ओळींच्या वर ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात घरामागून एक म्हातारी गवताचा भारा घेऊन आली. घर तिचंच. कुटुंब दुसरीकडं भाड्याच्या खोलीत. गाय मात्र इथंच, मागच्या गोठ्यात. खोलीवर गाय ठेवू देत नाहीत. म्हणून दोन वेळा चारा घालायला, धार काढायला ती येते. मी विचारलं, "डर नहीं लगता?" तर म्हणाली, "गाय को कौन देखेगा?"

आईला हिंदी येत नाही. तरी दोघींचं जमलं. आईनं विचारलं, "कितना दूध देती?" म्हातारीनं दोन बोटं दाखवली. आई म्हणाली, "बास की मग." मग दोघी गोठ्यात गेल्या. गाय बुटकी, काळी, आमच्या खिलाराच्या निम्मी. आईनं तिच्या मानेखाली खाजवलं. म्हातारीला दोन लाडू दिले, तिनं एक पदरात बांधला. निघताना आई तिला खुणेनं सांगत होती: हाताचा पंजा, भिंत, सारवणं. म्हातारी काचेकडं बघून मान हलवत होती. तिला किती कळलं देव जाणे.

बसचा हॉर्न वाजत होता. गाडीतल्या लोकांनी आम्हाला चांगलंच सुनावलं. औलीचा रोपवे बंद म्हणून ते आधीच रागावलेले.

बद्रीनाथला दर्शन छान झालं. गर्दी होती, थंडी होती, तप्तकुंडाच्या पाण्यात आईचे गुडघे शेकले. त्याविषयी गावाकडं सगळ्यांना सांगून झालंय.

परतताना बस जोशीमठात न थांबताच निघाली. आई खिडकीला नाक लावून बसलेली. बाजार मागं पडला, वळणं सुरू झाली.

"दिसली का रं?"

"काय? नंदादेवी?"

"गाय."