पाण्यानं नर झालेली पपई

"पाणी जास्त झालं भाऊ, म्हणून झाडं नर निघाली." रोपवाटिकेच्या मालकाचं हे वाक्य आठवलं की आजही डोकं तापतं.

शहादा भागात पपई कशी लावतात हे सांगत बसत नाही. फेब्रुवारीत तैवान ७८६ म्हणून रोपं घेतली, ठिबकवर वाढवली. ऑगस्टमध्ये फुलं आली, तर जवळजवळ अर्ध्या झाडांवर लांब देठांचे लोंबते घोस. मादी फूल खोडालगत येतं, टपोरं, बुडाशी इवलंसं फळ घेऊनच. लोंबता घोस दिसला की झाड नर, हे आमच्याकडे शाळकरी पोरही सांगेल.

नुकसान सोसलं असतं. पण पाण्याचं निमित्त? पपईचं झाड नर की मादी हे बी धरतानाच ठरतं. मादीत एक्स-एक्स गुणसूत्रं, नरात एक्स-वाय, आणि उभयलिंगी झाडात एक्सच्या जोडीला वायचाच जरा निराळा प्रकार. एका जनुकाच्या तीन रूपांचा हिशेब हॉफमायर आणि स्टोरी या दोघांनी १९३८ सालीच मांडला होता. दोन वाय एकत्र आले तर बीतला गर्भ जगतच नाही. म्हणून उभयलिंगी झाडाचं स्वपरागाचं बी पेरलं की दोन उभयलिंगी झाडांमागे एक मादी मिळते, नर एकही नाही. ७८६ मध्येही मादी आणि उभयलिंगी एवढीच झाडं असतात. अर्धी झाडं नर निघायची तर बी धरताना नराचाच पराग लागतो. म्हणजे कुठल्या तरी नर-मादी वाणाच्या बागेतलं फळ फोडून, बी रुजवून, ती रोपं ७८६ च्या भावानं मला दिली होती. हे मी त्याच्यासमोर मातीत काडीनं चौकटी आखून मांडलं. तो म्हणाला, "पुस्तकातलं शेतात चालत नाही." पावती मागितली होती तेव्हा त्यानं कोऱ्या कागदावर नुसता आकडा लिहून दिला होता. त्या कागदावर वाणाचं नाव नाही, तर तक्रार कशाच्या जोरावर करणार?

शेजारचे काका म्हणाले, नराच्या खोडात खिळा ठोक, मादी होईल. मी ठामपणे सांगितलं, काका, झाडाचं लिंग बदलत नसतं. नर तोडून टाकले. माद्यांना पराग हवा म्हणून दहा माद्यांमागे एक या हिशेबानं थोडे ठेवले. थंडी पडली आणि त्यातल्याच एका नराच्या लोंबत्या देठांना लांबट फळं धरली! हवामान बदललं की काही नरांत असं होतं. वाय तिथंच असतो, फूल मात्र वेगळं वागतं. काका खूश झाले. मी बराच वेळ त्या झाडाखाली उभा होतो, आणि पाण्याच्या त्या वाक्यावरचा माझा राग तेवढ्यापुरता डळमळलाच. पण एखाद्या नराला थंडीत चार फळं येणं वेगळं आणि अर्धी बाग पाण्यानं नर होणं वेगळं.

रोप घेताना वाणाचं नाव आणि लॉट नंबर पावतीवर लिहूनच घ्या. नर-मादी वाण लावायचा असेल तर एका खड्ड्यात दोन-तीन रोपं लावा, फुलं दिसली की जादा नर काढा. मुळं पाहून नर-मादी सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पानाच्या तुकड्यावरून रोपवयातच लिंग ओळखणारी डीएनए चाचणी शास्त्रज्ञांनी कधीच तयार केली आहे. ती आमच्या तालुक्याच्या गावापर्यंत का पोचत नाही, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.