मधला थांबा

खोल समुद्रात उतरणाऱ्या माणसाला धोका कशाचा, असे विचारले तर बहुतेकांच्या मनात शार्क मासा येईल, अंधार येईल किंवा टाकीतली हवा संपण्याची भीती येईल. अनुभवी पाणबुड्याचे उत्तर मात्र वेगळे असते. त्याला धास्ती वाटते ती वर येण्याच्या वाटेची. खाली असताना केलेली चूक पुष्कळदा तेथेच कळते. वर येताना केलेली घाई मात्र किनाऱ्यावर पोहोचल्यावर, कधी कधी काही तासांनी, आपली किंमत वसूल करते.

याचे कारण आपल्या श्वासातच आहे. हवेचा सुमारे 78 टक्के भाग नायट्रोजन वायूचा असतो. जमिनीवर तो श्वासाबरोबर येतो आणि तसाच बाहेर जातो. परंतु पाण्यात दर दहा मीटर खोलीला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. त्या दाबाखाली नायट्रोजन रक्तात आणि शरीराच्या ऊतींत विरघळून साठू लागतो. सोड्याची बंद बाटली पाहिली तर तिच्यात वायू दिसत नाही. झाकण एकदम उघडले की बुडबुडे फसफसून वर येतात. घाईने वर येणाऱ्या पाणबुड्याच्या शरीरात हेच घडते. सांधे असह्य दुखू लागतात, अंग बधिर होते आणि मज्जारज्जूला इजा झाली तर माणूस लुळा पडतो. प्रसंगी प्राणही गमावतो. बाटलीचे झाकण हळूहळू सैल करावे, तसे टप्प्याटप्प्याने थांबत वर येणे हाच त्यावरचा उपाय आहे.

हे थांबे कोठे आणि किती वेळ घ्यावेत, याचे पहिले शास्त्रशुद्ध कोष्टक जॉन स्कॉट हॉल्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश नौदलासाठी शेळ्यांवर प्रयोग करून तयार केले आणि 1908 साली प्रसिद्ध केले. शरीराचे सर्व भाग सारख्या वेगाने नायट्रोजन घेत नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. काही भाग काही मिनिटांत भरतात आणि तितक्याच लवकर रिकामे होतात. काहींना कित्येक तास लागतात. पुढे झुरिक येथील आल्बर्ट ब्यूलमान यांनी शरीराचे सोळा कल्पित कप्पे मानून हे गणित अधिक नेमके केले. आज ते गणित पाणबुड्याच्या मनगटावरचा छोटा संगणक दर काही सेकंदांनी करीत असतो. खोली, वेळ आणि श्वासातील वायूंचे मिश्रण यांवरून तो पुढचा थांबा पडद्यावर दाखवतो.

परंतु यंत्राच्या आकड्यामागेही माणसाचा कोणता ना कोणता विश्वास दडलेला असतो. मधल्या थांब्याची हकीकत हेच सांगते.

रिचर्ड पाईल हे हवाई बेटांवरील होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात काम करणारे मत्स्यशास्त्रज्ञ. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, 1986 साली, पलाऊ बेटांजवळ खोल बुडी मारताना त्यांना या विकाराने गाठले आणि त्यांचे हातपाय लुळे पडले. दीर्घ उपचारांनंतर ते पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा समुद्रात उतरले. साठ मीटर आणि त्याहूनही खोल पाण्यातले मासे अभ्यासासाठी जिवंत वर आणणे, हे त्यांचे काम होते. अशा बुड्यांनंतर कधी त्यांना विलक्षण थकवा येई, तर कधी मुळीच येत नसे. नीट विचार केल्यावर त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. मासे हाती लागलेल्या दिवशी थकवा कमी असे. दाब कमी झाला की माशाच्या पोटातील हवेची पिशवी फुगते आणि मासा मरतो. म्हणून पाईल वाटेत, नेमून दिलेल्या पहिल्या थांब्याच्या बऱ्याच खाली, एक-दोन मिनिटे थांबत आणि बारीक सुईने त्या पिशवीतली हवा काढून टाकत. थांबा माशासाठी होता. बरे वाटत होते माणसाला.

यातून त्यांनी एक सोपी रीत सुचवली. तळ आणि पहिला नेमलेला थांबा यांच्या बरोबर मध्यावर दोन-तीन मिनिटे थांबावे. समजा, तळ साठ मीटरवर आहे आणि पहिला थांबा पंधरा मीटरवर. तर सदतीस-अडतीस मीटरवर थोडे थांबावे. नंतर उरलेले अंतर मोठे असेल तर पुन्हा त्याचा मध्य काढावा. ही रीत पाणबुड्यांमध्ये झपाट्याने पसरली. थकल्या शरीराला ती पटत होती आणि बुद्धीलाही रुचत होती. बुडबुडे मोठे होण्याआधीच त्यांना आवर घालावा, हा विचार कोणाला पटणार नाही? संगणक बनवणाऱ्यांनी मधल्या थांब्याची सोय यंत्रांत केली. काही संगणक असा दोन मिनिटांचा ऐच्छिक थांबा स्वतःहून सुचवू लागले. इतर काहींत एरिक बेकर यांनी मांडलेल्या ग्रेडियंट फॅक्टरच्या पद्धतीने दोन आकडे भरता येऊ लागले. यात 100 म्हणजे मूळ गणिताने ठरवलेली कमाल मर्यादा. पहिला आकडा जितका लहान, तितका पहिला थांबा खोल; दुसरा जितका लहान, तितका शेवटचा उथळ थांबा लांब. पुष्कळांनी पहिला आकडा अगदी लहान ठेवला आणि आपण अधिक सुरक्षित झालो, असे मानले.

मग अमेरिकी नौदलाने या समजुतीची कसोटी घेतली. पाण्याने भरलेल्या दाबकक्षात स्वयंसेवक पाणबुड्यांना सुमारे 52 मीटर खोलीच्या दाबाखाली तीस मिनिटे ठेवण्यात आले. वर येताना थांब्यांची एकूण वेळ दोन्ही गटांना सारखीच, 174 मिनिटे, होती. एका गटाचा पहिला थांबा सुमारे 12 मीटरवर होता, दुसऱ्याचा सुमारे 21 मीटरवर. प्रत्येक गटाच्या दोनशेच्या आसपास बुड्या झाल्या. उथळ थांबे घेणाऱ्यांत तिघांना हा विकार झाला. खोल थांबे घेणाऱ्यांत त्याचे प्रमाण तिपटीहून अधिक निघाले. ठरवलेली संख्या पूर्ण होण्यापूर्वीच चाचणी थांबवण्यात आली. तिचा अहवाल 2011 साली प्रसिद्ध झाला.

कारण शोधले तर ते हॉल्डेन यांच्या जुन्या विचारातच होते. खोलवर थांबल्याने झटपट भरणारे भाग रिकामे होऊ लागतात, हे खरे; पण त्याच वेळी सावकाश भरणारे भाग तेथल्या दाबाखाली आणखी नायट्रोजन घेत राहतात. तो भार पुढे उथळ पाण्यात त्रास देतो. जो थांबा विश्रांतीचा वाटत होता, तेथे ओझे वाढत होते.

याचा अर्थ पाईल यांचे निरीक्षण खोटे होते, असा नाही. त्यांना बरे वाटले, हे खरेच होते. परंतु बरे वाटणे हा प्रश्नाचा आरंभ असतो, उत्तर नव्हे. त्यांनी आपला अनुभव प्रामाणिकपणे मांडला. म्हणूनच इतरांना तो तपासता आला. या तपासणीनंतर अनेक जाणत्या पाणबुड्यांनी संगणकातील पहिला आकडा वाढवला, फार खोल थांबे सोडले आणि तो वेळ उथळ पाण्यातल्या थांब्यांना दिला.

म्हणून विचारी पाणबुडा पाण्यात उतरण्यापूर्वीच संगणकाच्या नियोजनाच्या सोयीत खोली, वेळ आणि वायू भरून सगळे थांबे पाहून घेतो. आकडे बदलले की थांबे कसे सरकतात, हे तो ताडून पाहतो. इतके थांबे घ्यायला हवा पुरेल का, याचा हिशेब करतो आणि ठरलेली योजना पाण्यात वाचता येईल अशा पाटीवर लिहून घेतो. संगणकाला गणित येते. पण आदल्या रात्री झोप झाली नव्हती, अंगात पाणी कमी आहे किंवा थंडीने शरीर गारठले आहे, हे त्याला ठाऊक नसते. ते जाणणे माणसाकडेच राहते.

शेवटचा थांबा सहा मीटरवर असतो. पाणबुडा दोर धरून स्थिर असतो. वर होडीचा तळ दिसतो, सूर्यप्रकाश पाण्यात हलत असतो. काही दुखत नाही, कोणी अडवत नाही. दहा हात मारले की मोकळी हवा आहे. मनगटावर मात्र अजून बारा मिनिटे बाकी असतात. ती कशासाठी आहेत हे त्याने समजून घेतलेले असते, म्हणून तो शांतपणे थांबतो.