जुळ्यांच्या घरातली रात्रपाळी

नवजात बाळाला चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजावे लागते आणि त्यांपैकी निदान तीन-चार खेपा रात्रीच्या असतात. पाजणे, ढेकर काढणे, लंगोट बदलणे आणि पुन्हा निजवणे हे सारे धरले, तर एका खेपेत पाऊण तास सहज जातो. बाळे दोन असली आणि ती आळीपाळीने उठू लागली, म्हणजे काम दुप्पट होतेच, शिवाय एका बाळाच्या आईला दोन खेपांच्या मध्ये जी झोप मिळते तीच नाहीशी होते. जुळ्यांच्या घरी रात्री दुसरे जागे माणूस लागते ते या कारणाने, आणि ते आणायचे कोठून हा प्रश्न जालना शहरातल्या नोकरदार जोडप्याला जसा पडतो, तसाच भोकरदनकडच्या शेतवस्तीवरच्या घरालाही पडतो.

जुन्या रीतीत या प्रश्नाचे उत्तर माहेर हे होते. पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी यायची, सव्वा महिना बाजेवर असायची, आणि तिची आई, चुलती, विधवा आत्या अशा बायका आपसांत रात्र वाटून घ्यायच्या. पाचवीच्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहायला येते अशी समजूत असल्याने पाटा-वरवंटा पुजून, कोरा कागद आणि लेखणी ठेवून जागरण केले जाते. या आचारामागची श्रद्धा बाजूला ठेवली, तरी त्यातली जाण मोलाची वाटते, कारण जन्मानंतरच्या अठ्ठावीस दिवसांत जे बालमृत्यू होतात, त्यांतले सुमारे तीन चतुर्थांश पहिल्याच आठवड्यात होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. नेमक्या त्या दिवसांत घराने मिळून जागावे असा पायंडा समाजाने पाडला होता. मात्र ते जागणे बायकांनीच करायचे आणि त्याला काम म्हणायचे नाही, हेही त्याच रीतीत मुरलेले होते, आणि आजच्या अडचणीचे मूळ तेथेच शोधावे लागते.

आज आजी असते, पण ती स्वतः कापूस वेचायला जाते किंवा तिची शुगर आणि गुडघे तिला रात्रभर उठबस करू देत नाहीत. वडील जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या लोखंडी सळयांच्या कारखान्यात असतील, तर महिन्यातल्या कित्येक रात्री पाळीमुळे घराबाहेर जातात. मग बाई ठेवण्याचा विचार येतो. मोठ्या शहरांत अशा बाया पुरवणारे ब्युरो असतात. तालुक्याच्या गावी मात्र बाळाला तेल लावायला येणारी बाई, दवाखान्यातली आया किंवा शेजारीण यांच्या ओळखीनेच कोणी मावशी मिळते.

या मावशीने रात्री नेमके काय करायचे, याविषयी घराघरांत गैरसमज असतो. ती आली म्हणजे आईने सकाळपर्यंत निजावे, ही अपेक्षा पहिल्या आठवड्यांत बरोबर नाही, कारण दूध तयार करणारे संप्रेरक रात्री अधिक स्रवते आणि रात्रीचे पाजणे सुटले तर दूध कमी होऊ लागते. मावशीचे काम आईचे जागणे आखूड करण्याचे आहे. एक बाळ उठले की दुसऱ्यालाही हलकेच उठवावे, दोघांचे लंगोट बदलावेत, आईच्या पाठीशी उशी लावून दोन्ही बाळे तिच्या दोन्ही बगलांत, पाय मागे करून द्यावीत, पिऊन झाले की एकेकाला खांद्यावर घेऊन ढेकर काढावी आणि आईला लगेच आडवे होऊ द्यावे. कोण किती वाजता प्याले, कोणी शू केली, हे वहीत टिपणे फार उपयोगाचे ठरते. पहाटे तीन वाजता सारख्याच टोपड्यातल्या दोन बाळांपैकी उपाशी कोणते राहिले, हे थकलेल्या माणसाला स्मरणावर सांगता येत नाही. पिण्याची ताकद नसलेल्या बाळाला काढलेले दूध वाटी-चमच्याने द्यायचे असते. पूर्वी घरोघरी असणारे बोंडले, म्हणजे चोच असलेले लहान भांडे, याच कामाचे होते.

जुळी बाळे बहुधा सदतीस आठवडे भरण्याआधी आणि अडीच किलोपेक्षा कमी वजनाची जन्मतात, त्यामुळे ती लवकर गार पडतात. थंडीत बंद खोलीत शेगडी पेटवून ठेवण्याची सवय येथे घातक ठरते, कारण कोळशाचा विषारी वायू वासावरून कळत नाही. त्याऐवजी बाळ उघड्या छातीला लावून वरून पांघरूण घेणे, म्हणजे ‘कांगारू मातृसेवा’, हा उपाय १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे एदगार रे या डॉक्टरांनी रुग्णालयात सुरू केला. दिवसाकाठी आठ ते चोवीस तास ही ऊब द्यावी, अशी शिफारस आता जागतिक आरोग्य संघटनेने केली आहे. इतके तास एकटी आई दोन बाळांना कशी पुरी पडणार? वडिलांची आणि आजीची छातीही तितकीच चालते, आणि कारखान्यातून पहाटे परतलेल्या बापासाठी ही जबाबदारी राखून ठेवायला काहीच हरकत नसावी.

रात्रीचे मोल ठरवताना मात्र घरे संकोचतात. मावशीला जेवण, चहा, पाठ टेकायला स्वतंत्र जागा, आठवड्याची एक सुटी आणि सकाळी घरी पोचण्याची सोय, हे सारे आधी बोलून ठरवावे. ती रात्रभर येथे असते तेव्हा तिच्याही घरी कोणीतरी तिच्याविना निजते, हे त्या बोलीत धरलेच पाहिजे. २००८ च्या महाराष्ट्र घरकामगार कल्याण मंडळ अधिनियमाने घरकामगारांची नोंदणी आणि कल्याणनिधी यांची तरतूद केली, पण एका खोलीतल्या रात्रपाळीचे तास मोजणारे कोणी नाही. कायदा आईच्या बाबतीतही असाच अर्धवट पाहतो: २०१७ च्या दुरुस्तीने पगारी प्रसूती रजा सव्वीस आठवड्यांची झाली, परंतु बाळे दोन म्हणून तीत एकही दिवस वाढत नाही.

दुसऱ्या बाळाचे काम वेगळे मोजणारी एक व्यवस्था आहे, आणि तिचे मूळ महाराष्ट्रातच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची तपासणी शिकवली आणि १९९९ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात तेथील नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले, त्या अनुभवाच्या आधारे २०११ पासून देशभर आशा कार्यकर्ती बेचाळीस दिवसांपर्यंत ठरावीक भेटी देते. या भेटींसाठी तिला २५० रुपये मिळतात आणि जुळी असतील तर ५०० धरले जातात. रक्कम तुटपुंजी आहे, पण त्यामागचा हिशेब न्याय्य आहे. आशाताई येते ती दिवसा; रात्री बाळ पिईनासे झाले, अंग गार पडले किंवा श्वास मिनिटाला साठच्या वर गेला, तर १०२ क्रमांकावर गाडी बोलवायची हे तिने ज्याला सांगायचे, ते माणूस घरात जागे असावे लागते.

ज्या घरांत ते असण्याची शक्यता सर्वांत कमी, ती घरे दसऱ्यानंतर अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा तालुक्यांतून ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे ‘एक कोयता’ म्हणतात आणि त्या जोडीच्या नावावर उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. त्यामुळे बाळंतिणीचे थांबणे हे कर्ज फिटण्याचे थांबणे ठरते. उसाच्या फडाजवळच्या कोपीत जुळी असली तर पहाटेपूर्वी आईला फडात जावे लागते आणि मागे सासू किंवा आठ-दहा वर्षांची थोरली मुलगी राहते. शाळेच्या वयाच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना २०२१ मध्ये आली. तान्ह्या बाळांसाठी फडावर पगारी दाई नेमण्याचा खर्च साखर कारखाने आणि शासन यांनी मिळून उचलणे मुळीच अशक्य नाही, आणि हंगामाच्या करारात उचलीच्या कलमाशेजारी ते कलम यायला हवे.