नोकरी देणारे व्हा म्हणता, पण पहिलं काम कोण देणार?

"विद्यार्थ्यांनी नोकरी मागणारे नव्हे, नोकरी देणारे व्हावे." उद्योजकता शिबिराची ही बातमी मी पंधरा-वीस वर्षं देतोय. पाहुणे बदलतात, वाक्य तेच. "धंदा कोण करणार?" विचारलं की निम्मे हात वर. नंतर तीच पोरं पोलीस भरतीच्या मैदानावर भेटतात. पोरं खोटं बोलत नाहीत. पण कुर्डुवाडी पडलं रेल्वेचं गाव, महिन्याच्या पगाराची किंमत इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे.

नेदरलँड्समध्ये एका कॉलेजात मुलांना छोटी कंपनी चालवायला दिली. 2010 ला प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात धंद्याची इच्छा वाढण्याऐवजी कमी झालेली दिसली. मला यात वाईट काही वाटत नाही. हिशोब कळून मागे फिरलेला पोरगा कर्जात तरी बुडत नाही.

आपल्याकडे हा हिशोबच कुणी सांगत नाही. पीएमईजीपी योजनेत 10 लाखांचा प्रकल्प धरा. खुल्या गटातल्या मुलाला स्वतःचे 1 लाख घालावे लागतात. अनुदान ग्रामपंचायत हद्दीत 25 टक्के, नगरपरिषद हद्दीत 15 टक्के. तेही हातात येत नाही, तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकून राहतं. शेतमजुराच्या पोरानं तो 1 लाख आणायचा कुठून?

आपल्या बार्शी लाईटचंच बघा. सोलापूरचे वालचंद हिराचंद पदवी न घेताच कॉलेजातून बाहेर पडले. रेल्वेत कारकुनी केलेल्या फाटकांना भागीदार घेऊन ठेकेदारीत उतरले. सुरुवातीच्या कामांत बार्शी लाईट रेल्वेचंही काम होतं. फाटकांना कामाची माहिती, वालचंदांच्या घराची बाजारात पत, आणि काम द्यायला रेल्वे. नुसत्या जिद्दीवर काही उभं राहिलं नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. कॉलेजनं कॅन्टीन, झेरॉक्स, स्नेहसंमेलनाचा मंडप, यातलं एखादं काम रीतसर बिलावर विद्यार्थ्यांना द्यावं. नगरपरिषदेनं, कारखान्यांनीही छोटी कामं द्यावीत. बँकेच्या साहेबांनी हारतुरे घेण्यापेक्षा दोन तास बसून पोरांकडून कर्जाचा हप्ता काढून घ्यावा. आणि शिबिराचा अहवाल लिहिताना किती हात वर झाले ते राहू द्या, मागच्या तीन वर्षांत कुणाचं दुकान अजून चालू आहे ते लिहा.

आपल्या भागात शिक्षण संपवून ज्यांनी धंदा टिकवला, त्यांनी खाली जरूर सांगा: पहिली ऑर्डर कुणी दिली होती?