आतल्या टायरची हवा

सुरुवातीलाच एक कबुली. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीत शेवटचा निबंध दहावीत लिहिला. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची हवा कुठे कमी-जास्त झाली तर सांभाळून घ्या.

हवेचीच गोष्ट सांगायची आहे. माझं आजोळ विंझर. नसरापूरहून वेल्ह्याला जाताना मार्गासनीच्या पुढे लागतं. तोरण्याला जाणाऱ्या हॉस्टेलच्या पब्लिकनं एसटीच्या खिडकीतून नक्की पाहिलं असेल. तिथे माझ्या मामाचा सहा चाकी टेम्पो आहे. पुढे दोन चाकं, मागे जोडीनं चार. भाताची झोडपणी झाली की तो तांदळाची पोती पुण्याला नेतो.

मागच्या जोडीतल्या आतल्या टायरमध्ये हवा भरणं म्हणजे शिक्षाच. बाहेरच्या डिस्कच्या भोकातून हात घालायचा, गरम ब्रेक ड्रमचा चटका खायचा, आणि एवढं करून नळी व्हॉल्व्हवर नीट बसतच नाही. म्हणून मामा रोज टॉमीनं टायर ठोकतो. टणक आवाज आला तर हवा आहे, 'ढब' आला तर गेली. पण थोडी कमी झालेली हवा कानाला कळत नाही. आतला टायर बसला की त्याचं वजन बाहेरच्यावर येतं, तो तापतो आणि एखाद्या दिवशी फुटतो.

दिवाळीच्या सुट्टीत मी ऐटीत म्हटलं, "मामा, थर्ड इयर मेकॅनिकलला आहे मी. सोपं करून देते!"

पुण्याहून एक लवचिक नळी आणली. एक टोक आतल्या व्हॉल्व्हवर आवळलं, दुसरं बाहेरच्या डिस्कच्या भोकातून काढून नायलॉनच्या पट्टीनं बांधलं. झालं! उभ्या उभ्या हवा भरता येऊ लागली. "भाचीनं केलंय," असं मामानं गावभर सांगितलं. आपली कॉलर टाईट.

चौथ्या दिवशी पहाटे, पोती भरलेली, मामा निघणार. सवयीनं टॉमी मारली. ढब! आतला टायर पार रिकामा. नळी डिस्कच्या कडेला घासून चिरली होती. पोती उतरवली, जॅक लावला, त्या दिवशीचा बाजार बुडाला. मामा रागावला नाही. फक्त एवढंच विचारलं, "नळी फाटली, कबूल. पण आधी हवा आतला व्हॉल्व्ह धरून ठेवायचा ना? त्यानं का नाही धरली?"

मला उत्तर आलं नाही. अगदी व्हायवासारखं.

हॉस्टेलवर आल्यावर डोकं लावलं. 1893 साली पेटंट झालेल्या श्रेडर व्हॉल्व्हमध्ये एक स्प्रिंगची पिन असते. ती दाबली की हवेचा रस्ता उघडतो, सोडली की बंद. माझी नळी ती पिन कायमची दाबून ठेवत होती. म्हणजे दाराची कडी मीच काढली होती! दुसरं गणित वेगाचं. टायरची त्रिज्या 40 सेंमी, नळी मध्यापासून 20 सेंमीवर, वेग ताशी 60 किमी. तिथे प्रवेग गुरुत्वाच्या साधारण 35 पट येतो. म्हणजे 60 ग्रॅमची नळी दोन किलोंच्या ओढीनं बाहेर खेचली जाते. नायलॉनची पट्टी बिचारी काय करणार?

इलाज शेवटी पंक्चरवाल्या काकांनी केला. आतला व्हॉल्व्ह बरोबर बाहेरच्या डिस्कच्या भोकासमोर येईल आणि दोन्ही व्हॉल्व्ह समोरासमोरच्या बाजूंना राहतील अशी चाकं बसवली. हवा भरायला लांब दांडीचा, दोन तोंडांचा नोजल. एक तोंड सरळ, एक उलटं. चाकावर जादा काहीच फिरत नाही. सोय भरणाऱ्याच्या हातात राहते.

महाराष्ट्र शासनानं 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. उद्या आपल्यापैकी कुणी मागे जोडचाकं असलेली मोटरहोम डिझाईन करेल, तेव्हा आतला व्हॉल्व्ह आधी आठवा. आणि डिझाईन करण्याआधी, रोज हवा भरतो त्याला विचारा. मी विचारलं नव्हतं.

मामा आता प्रेशर गेजनं हवा बघतो. पण निघताना टॉमी मारतोच. त्या पहाटे माझ्यावर भरवसा ठेवून त्यानं ती मारली नसती तर? हा विचार आला की अजून पोटात गोळा येतो.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल