बिऱ्हाड परदेशी, वारी वांद्र्याची

यजमान नोकरीसाठी अमेरिकेत पोचले, आता तुमची नि मुलांची पाळी! त्याआधी मुंबईची वारी ठरलेलीच. पूर्वी अमेरिकन वकिलात ब्रीच कँडीला, वांकानेरच्या महाराजांच्या समुद्रकाठच्या वाड्यात होती. २०११ पासून ती वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. बोटांचे ठसे नि फोटो सहसा एका दिवशी वेगळ्या केंद्रात, मुलाखत दुसऱ्या दिवशी. तेव्हा मुक्कामाच्या तयारीनंच निघा. मोबाइल आत नेता येत नाही, तो सोबतच्या माणसाकडे द्या.

पासपोर्ट, अर्जाची पोच, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले एका फायलीत लावा. माहेरचं नि सासरचं नाव कुठे वेगळं पडलंय का, तेही पाहा.

आता महत्त्वाचं. यजमान एच-वन-बी व्हिसावर असले, तर तुम्हाला एच-फोर मिळतो. त्यावर शिकता येतं, पण नोकरी करता येत नाही. यजमानांचं ग्रीन कार्डाचं काम ठरावीक टप्प्यापर्यंत गेलं असेल, तर नोकरीचा परवाना मागण्याची सोय २०१५ साली झाली. पण ती सरसकट सगळ्यांना नाही. म्हणून इथल्या नोकरीचा राजीनामा देण्याआधी दोघं बसून नीट बोला. आणि हो, लोणच्याच्या बरणीआधी आपली पदवीची प्रमाणपत्रं बॅगेत भरा!