रुपयाची पारख

जुन्या वस्तूंविषयीं मनुष्यास जें प्रेम वाटतें, त्याचा लाभ लबाडासही घेतां येतो. चांदीचे जुने रुपये हें याचें उत्तम उदाहरण होय. आजीच्या डब्यांत असे दोनचार रुपये पुष्कळ घरीं सांपडतात, आणि तसलेच दिसणारे रुपये रस्त्यावर विकावयासही येतात. दोहोंतील भेद कसा ओळखावा, हें विद्यार्थ्यांस व पालकांस ठाऊक असावें, म्हणून एक अनुभव येथें सांगतों.

आमच्या एका विद्यार्थिनीचे वडील स्वारगेटच्या एस. टी. स्थानकावर साताऱ्याच्या गाडीची वाट पाहत उभे असतां एका अनोळखी इसमानें त्यांस गांठलें. घराचा पाया खणतांना हंडा सांपडला, असें सांगून त्यानें सहाव्या जॉर्ज बादशहाचा १९३९ सालचा रुपया दाखविला. हें साल दुर्मिळ असल्याचें त्यांनीं ऐकिलें होतें, व तें खरेंही आहे. मुलीच्या पुढील शिक्षणास उपयोगी पडेल, अशा आशेनें त्यांनीं दोन महिन्यांची शिल्लक देऊन तो घेतला. पुढें शंका आल्यावर तो रुपया व घरांतील आजीचे सहा रुपये घेऊन ते मुलीसह आमच्याकडे आले. "सर, खोटा असेल तर खोटा म्हणूनच सांगा, आणि हिच्यासमोर सांगा," एवढेंच ते म्हणाले.

प्रथम आम्हीं त्या कथेचीच पारख केली. १८७८ सालच्या गुप्तधनाच्या कायद्याप्रमाणें जमिनींत सांपडलेलें दहा रुपयांहून अधिक किंमतीचें धन कलेक्टरास कळवावें लागतें. तेव्हां कथा खोटी असेल तर विकणारा लबाड, आणि खरी असेल तर धन न कळवितां विकणारा गुन्हेगार!

मग रुपये फरशीवर वाजवून पाहिले. आजीचे रुपये खणखणले. हा बद्द वाजला. परंतु चिरलेला खरा रुपयाही बद्द वाजतो. म्हणून केवळ कानावर विसंबणें बरें नव्हे. १८३५ पासून १९३९ पर्यंतचा सरकारी रुपया १८० ग्रेनांचा, म्हणजे एक तोळ्याचा असे. आजच्या मापानें तो ११.६६ ग्रॅम होतो. त्याच्या बारा भागांत अकरा भाग चांदी असे. प्रयोगशाळेच्या तराजूंत आजीचा एक रुपया, थोडा झिजला असूनही, ११.६ ग्रॅम भरला. हा कोरा करकरीत दिसणारा मात्र १०.१ ग्रॅम. नंतर आर्किमीडीजचें स्मरण करून दोन्ही दोऱ्यानें पाण्यांत टांगून तोलले. दोहोंचें वजन १.१३ ग्रॅमनें घटलें, म्हणजे आकारमान सारखेंच. भागाकार मुलीनें केला: आजीचा रुपया पाण्याच्या सवादहा पटींहून किंचित् जड, दुसरा नऊ पटींहूनही हलका. तांबें व त्याच्या कित्येक मिश्रधातु याच सुमारास भरतात. शेवटीं भिंग घेतलें. टांकसाळींत रुपया ठशानें छापीत. याच्या अक्षरांच्या कडा बोथट होत्या, अंगावर बारीक खड्डे होते, आणि कडेवर सांध्याची रेघ होती. तो सांच्यांत ओतलेला होता.

येथें थोडी सावधगिरी हवी. लोहचुंबक चांदीस ओढीत नाहीं, पण तांब्यापितळेसही ओढीत नाहीं. पेशवाईंतील पुण्याचा अंकुशी रुपया वेडावांकडा व अर्धवट अक्षरांचा दिसतो, तरी तो खोटा नव्हे. हातोड्यानें ठोकलेलें नाणें तसेंच असावयाचें. १९४० ते १९४५ सालच्या रुपयांत चांदी निम्मीच आहे, तरी तेही सरकारीच. म्हणजे नाणें खरें कीं खोटें, आणि त्यांत चांदी किती, हे दोन निराळे प्रश्न आहेत. एका साक्षीवर निकाल देऊं नये. नाद, वजन, घनता, अक्षरें यांची एकवाक्यता पाहावी. नाणें घासूं नये, कानशीनें तर मुळींच नाहीं. संग्राहकाच्या दृष्टीनें त्याचें मोल घटतें. मोठ्या व्यवहारांत जाणत्या सराफाचा सल्ला घ्यावा.

निकाल ऐकून ते गृहस्थ कांहीं वेळ स्तब्ध बसले. मग म्हणाले, "आमचे एक नातलग सांगत होते, स्थानकावरच कोणास तरी खपवून टाका, निदान पैसे तरी सुटतील." आम्ही कांहीं बोलण्यापूर्वींच ते पुढें म्हणाले, "तसें करावयाचें असतें तर हिला सोबत कशाला आणली असती?" फसविलें जाणें हा त्यांचा अपराध नव्हता, दुसऱ्यास फसविणें हा झाला असता. एवढें तारतम्य त्यांस होतें, व तें दोन महिन्यांच्या शिलकेहून मुलीस अधिक उपयोगी पडेल, अशी आमची खात्री आहे.

आजीचे सहा रुपये घरीं परत गेले. सातवा त्यांनीं शाळेस दिला. तो प्रयोगशाळेच्या कपाटांत असून त्याखालच्या चिठ्ठीवर त्या मुलीच्या हस्ताक्षरांत 'खोटा; वजन १०.१ ग्रॅम' असें लिहिलें आहे. ज्या पालकांस आपल्या घरच्या रुपयाविषयीं शंका असेल, त्यांनीं तो अवश्य आणावा. शाळेचा तराजू सर्वांस मोकळा आहे.